गाडीतला गारवा आणि थॉमस मिजली

उन्हाळा चढू लागला की दिंडोशीतील रस्त्यालगतच्या गॅरेजांत एक काम हमखास वाढते. पश्चिम द्रुतगती महामार्गावरील कोंडीत अर्धा-पाऊण तास अडकलेल्या गाडीतला एसी गार हवेऐवजी कोमट वारा फेकू लागतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिकच्या दारात उभी राहते. बॉनेट उघडते, दोन नळ्या जोडल्या जातात, काटे पाहिले जातात आणि गॅस कमी झाल्याचे निदान होते. अलीकडे मेकॅनिककडे जाण्याचे कष्टही काही जण घेत नाहीत. गॅसचा लहानसा डबा, एक नळी आणि दाब दाखवणारा छोटा मीटर एवढे साहित्य घरपोच मिळते. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांच्या सल्ल्यानिशी, गाडीत गॅस भरला जातो. काही मिनिटांत हवा गार होते आणि पैसे वाचल्याचे समाधान मिळते.

गाडीत असा गॅस असावा, तो विषारी नसावा, तो पेटू नये आणि सामान्य माणसाने त्याच्याजवळ निर्धास्तपणे बसावे, ही कल्पना प्रत्यक्षात आली त्याला आता जवळपास शंभर वर्षे होतील. ती प्रत्यक्षात आणणाऱ्या अमेरिकी संशोधकाचे नाव थॉमस मिजली. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्ती त्यांचीच आणि फ्रिजमधला, पुढे मोटारीच्या एसीतला फ्रिऑन वायूही त्यांचाच. हयातीत त्यांना रसायनशास्त्रातील मोठमोठे सन्मान मिळाले. मृत्यूनंतर मात्र त्यांच्या दोन्ही शोधांवर जगाला बंदी घालावी लागली. एका माणसाच्या वाट्याला असे दुहेरी अपयश आणि तेही यशाच्या रूपाने क्वचितच आले असेल.

शोधकांचे घराणे

मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स या गावी झाला. त्यांचे बालपण ओहायो राज्यातील कोलंबस शहरात गेले. घरात यंत्रांचे आणि पेटंटांचे वातावरण होते. वडील, त्यांचेही नाव थॉमसच, मोटारीच्या टायरमध्ये सुधारणा करणारे शोधक होते. आईचे वडील जेम्स एमर्सन यांनी लाकूड कापण्याच्या करवतीला बदलता येतील असे दात बसवण्याची पद्धत काढली होती. वस्तू हाती आली की ती अधिक चांगली कशी चालेल, हा विचार मुलाने घरातच घेतला असणार.

१९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे रसायनशास्त्रात नाव कमावलेल्या या माणसाने रसायनशास्त्राचे रीतसर उच्च शिक्षण घेतलेच नव्हते. त्याच वर्षी कॅरी रेनॉल्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काही काळ डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत आणि नंतर वडिलांच्या टायरच्या व्यवसायात काम करून १९१६ मध्ये ते चार्ल्स केटरिंग यांच्या डेटन येथील प्रयोगशाळेत दाखल झाले.

केटरिंग हे त्या काळच्या मोटारउद्योगातील बडे प्रस्थ. हँडल फिरवून गाडी सुरू करण्याची कटकट संपवणारा विजेचा स्टार्टर त्यांच्याच नावावर होता. ही प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेली आणि मिजली यांची सारी कारकीर्द केटरिंग यांच्या सोबतीने घडली. केटरिंग प्रश्न समोर ठेवत आणि मिजली उत्तर शोधत, असे या नात्याचे स्वरूप होते.

इंजिनाचे ठोके

पहिला प्रश्न होता इंजिनाच्या नॉकिंगचा. चढावर गाडी खेचताना इंजिनातून टकटक आवाज येतो, ताकद कमी होते आणि इंजिनाचे आयुष्यही घटते. जुन्या गाड्या चालवलेल्या मुंबईकरांना हा आवाज परिचित असेल. दोष प्रज्वलनाच्या पद्धतीत आहे, असा त्या वेळी समज होता आणि त्याचे खापर केटरिंग यांच्या विजेच्या प्रणालीवर फुटत होते. मिजली यांनी दोष इंधनाच्या जळण्यात असल्याचे दाखवले.

त्यावर उपाय शोधताना घडलेली हकीकत मोठी गमतीची आहे. बर्फाखालीच फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने लालसर असतात. तांबड्या रंगामुळे ती उष्णता अधिक शोषत असतील, तर इंधन तांबडे केल्यास तेही अधिक नीट जळेल, असा तर्क निघाला. तेलात विरघळणारा तांबडा रंग त्या क्षणी भांडारात नव्हता, म्हणून मिजली यांनी आयोडीन घातले. इंजिनाची टकटक थांबली. नंतर खरेखुरे तांबडे रंग घालून पाहिले, तेव्हा मात्र काहीच फरक पडला नाही. तर्क चुकीचा होता, पण थोडेसे रसायन मिसळून इंधनाचा स्वभाव बदलता येतो, हे त्यातून हाती आले.

आयोडीन महाग होते आणि ते धातू खाई. मग अ‍ॅनिलिन झाले, सेलेनियम झाले, टेल्युरियम झाले. टेल्युरियमला लसणासारखा उग्र दर्प असतो आणि तो अंगाला असा चिकटतो की आंघोळीनेही जात नाही. अखेर मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीवर बोट ठेवून, एका जागेवरून शेजारच्या जागेकडे सरकत, मिजली आणि त्यांचे सहकारी शिशापर्यंत पोहोचले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या द्रवाचे काही थेंब इंधनात पडले आणि इंजिन शांत झाले. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधील एका पंपावर हे नवे पेट्रोल प्रथम विकले गेले. त्याचे नाव ठेवले एथिल. शिसे हा शब्द नावात येऊ दिला नव्हता.

शिसे हे विष आहे, ही गोष्ट काही नवी नव्हती. रोमन काळापासून ती नोंदलेली होती. खुद्द मिजली यांना १९२३ च्या आरंभी शिशाची बाधा झाली आणि मोकळ्या हवेसाठी त्यांना मायामीत दीर्घ रजा काढावी लागली. मद्यार्क मिसळल्यानेही नॉकिंग कमी होते, हे त्यांना आणि केटरिंग यांना ठाऊक होते. मात्र मद्यार्क कोणालाही बनवता येत होता, त्याचे पेटंट घेता येत नव्हते. शिशाच्या मिश्रणाचे पेटंट मात्र घेता येत होते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. हवेत नसलेले किडे ते हाताने हाकलत. त्यांतील पाच जण दगावले, कित्येकांना रुग्णालयात हलवावे लागले. लोकांत घबराट पसरली. ३० ऑक्टोबर रोजी न्यू यॉर्क येथे वार्ताहरांना बोलावण्यात आले. मिजली यांनी सर्वांसमक्ष ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि बाटली नाकाशी धरून सुमारे एक मिनिट हुंगली. रोज असे केले तरी बिघडत नाही, असा त्यांचा दावा होता. स्वतःच्या आजारपणाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

पुढे १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी धोक्याचा इशारा दिला. विक्री काही काळ थांबली. काही महिन्यांच्या पाहणीनंतर बंदीसाठी पुरेसा आधार नसल्याचे ठरले आणि १९२६ मध्ये शिशाचे पेट्रोल पुन्हा पंपांवर आले. ते त्यानंतर सात दशके अमेरिकेत आणि त्याहून अधिक काळ उर्वरित जगात जळत राहिले.

तीन दिवस आणि पाच बाटल्या

दुसरा प्रश्न १९२८ मध्ये आला. जनरल मोटर्सच्या मालकीच्या फ्रिजिडेअर कंपनीला घरगुती फ्रिज विकायचे होते. त्या काळच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड यांपैकी एखादा वायू भरलेला असे. तिन्ही विषारी. पाइपला बारीकशी चीर गेली तरी झोपेत घर मरणाच्या दारात जाई. शिकागोत मिथाइल क्लोराइडच्या गळतीने लोक दगावले होते. हा धोका इतका खरा होता की अल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनीही गळतीला वाव देणारा एकही हलता भाग नसलेल्या फ्रिजचा आराखडा केला आणि १९३० मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळवले.

केटरिंग यांच्या वतीने काम मिजली यांच्याकडे आले. वायू विषारी नको, पेटणारा नको, धातू खाणारा नको आणि शून्याखाली योग्य तपमानाला उकळणारा हवा. अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनेरी या सहकाऱ्यांसह ते पुन्हा आवर्त सारणीकडे वळले. फ्लोरिनच्या संयुगांकडे त्यांचे लक्ष वळले, त्यालाही एक चूक कारणीभूत होती. प्रमाणग्रंथात कार्बन टेट्राफ्लोराइडचा उत्कलनबिंदू चुकून उणे १५ अंश सेल्सिअस असा छापला गेला होता. खरा आकडा उणे १२८ च्या आसपास आहे. चुकीच्या आकड्याने योग्य वाट दाखवली.

काम हाती घेतल्यापासून पहिला वायू तयार होईपर्यंत तीनच दिवस लागले. त्यासाठी अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पाच छोट्या बाटल्या मागवल्या होत्या. त्यांतील एक उचलून वायू बनवला आणि काचेच्या घंटेखाली ठेवलेल्या गिनीपिगला तो हुंगायला दिला. प्राण्याला काहीच झाले नाही. दुसऱ्या बाटलीपासून बनवलेल्या वायूने मात्र प्राणी मेला. शोध घेता कळले की पाचांपैकी चार बाटल्यांतील रसायनात पाण्याचा अंश होता आणि त्यामुळे फॉस्जीन हे जहाल विष तयार होत होते. निर्दोष निघाली ती नेमकी पहिली उचललेली बाटली. दुसरी कोणतीही हाती आली असती, तर संशोधक तेथेच थांबले असते, असे खुद्द मिजली यांनीच पुढे सांगितले.

या वायूचे रासायनिक नाव डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन. तो उणे ३० अंशांच्या जवळपास उकळतो. एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथील अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात मिजली यांनी तो छातीभर ओढून घेतला आणि श्वास सोडत समोरची जळती मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि ज्वलनशीलही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. सहा वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनाची ही जणू दुसरी आवृत्ती होती. फरक एवढाच, की या खेपेस त्यांचे म्हणणे खरे होते. वायू खरोखरच माणसाला बाधत नव्हता.

त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि ड्यूपाँट यांनी मिळून त्याच्या उत्पादनासाठी कंपनी काढली. व्यापारी नाव फ्रिऑन. गॅरेजमध्ये तो आर-१२ या नावाने ओळखला जाऊ लागला. फ्रिज स्वयंपाकघरात आला, चित्रपटगृहे आणि कचेऱ्या थंड झाल्या. पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या मॉडेलसाठी गाडीत कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सोय केली. यंत्र इतके मोठे होते की डिकीतील बरीच जागा खाई आणि ते बंद करायचे तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. पण सुरुवात झाली होती. दुसऱ्या महायुद्धात डासांचे औषध फवारणाऱ्या सैनिकांच्या डब्यांतही हाच वायू होता. त्या फवाऱ्याने हिवतापापासून अनेकांचे रक्षण केले, हेही विसरता येणार नाही.

दोऱ्या आणि कप्प्या

मानसन्मानांची रीघ लागली. १९२३ मध्ये निकोल्स पदक, १९३७ मध्ये पर्किन पदक आणि १९४१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे सर्वोच्च मानले जाणारे प्रिस्टली पदक. शंभराहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर जमा झाली. १९४४ मध्ये ते या संस्थेचे अध्यक्षही झाले.

मात्र त्याआधीच, १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांना पोलिओने गाठले होते. पाय निकामी झाले. संशोधकाच्या स्वभावाला अनुसरून त्यांनी त्यावरही यंत्र शोधले. बिछान्यावरून इतरांच्या मदतीविना उठता यावे, यासाठी त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची एक रचना करून घेतली होती. २ नोव्हेंबर १९४४ रोजी सकाळी ओहायोतील वर्दिंग्टन येथील घरी ते त्याच दोऱ्यांत गुरफटून गळफास बसलेल्या अवस्थेत मृत आढळले. तो अपघात होता की आणखी काही, याबद्दल चरित्रकारांचे एकमत नाही. वय होते ५५. त्यांच्या निधनाने रसायनशास्त्राचा एक भाग्यविधाता गेला, अशीच त्या वेळच्या जगाची भावना होती.

आकाशातील हिशेब

हिशेब उघड झाला तो नंतर. पृथ्वीचे वय मोजण्यासाठी शिशाचा अभ्यास करणारे क्लेअर पॅटरसन यांना आपल्या प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिशाचाच अंश सापडू लागला. १९६५ मध्ये त्यांनी हवेत, पाण्यात आणि मानवी शरीरात शिसे किती वाढले आहे ते मांडले आणि पेट्रोलकडे बोट दाखवले. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा होणारा परिणाम पुढे सिद्ध झाला. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल १९९६ पासून पूर्णपणे बंद झाले. जगातील शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, ते २०२१ मध्ये बंद केले.

फ्रिऑनची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. तो वायू कशाशीच संयोग पावत नाही, हाच त्याचा गुण मानला गेला होता. साहजिकच, गळून हवेत गेला की तो तसाच राहतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांना या वर्गातील वायू अटलांटिक महासागरावरील हवेतही सापडला. २८ जून १९७४ रोजी मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी त्याचा पुढचा प्रवास मांडला. हे वायू हळूहळू वर जातात, तेथील अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यातून सुटलेला क्लोरिनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो. पुढच्याच वर्षी वीरभद्रन रामनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिले की हेच वायू पृथ्वीची उष्णताही अडवून धरतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले खिंडार ब्रिटिश संशोधकांनी जगापुढे आणले.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला आणि मिजली यांच्या वायूची घटिका भरली. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुत्झन यांच्यासमवेत १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. करार पाळला गेला, ही समाधानाची गोष्ट. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जगाच्या बहुतेक भागांवरील ओझोनचा थर २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावरील थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर परतण्याची अपेक्षा आहे.

मुंबईच्या रस्त्यावर

मिजली भारतात कधी वास्तव्याला नव्हते, पण मुंबईच्या रस्त्यावर त्यांचे दोन्ही शोध एकाच गाडीत धावले. १९९०च्या दशकाच्या आरंभी एखादी एसी गाडी माहीमच्या सिग्नलवर किंवा दिंडोशीच्या चढावर उभी असेल, तर तिच्या टाकीत शिशाचे पेट्रोल होते आणि बॉनेटखाली आर-१२ होता. मफतलाल समूहाच्या नवीन फ्लोरिन या कंपनीने सुरतजवळील भेस्तान येथे या वर्गातील वायूंचे उत्पादन सुरू केले होते. त्यांचे मॅफ्रॉन हे नाव जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी आजही असते.

१ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिशाचे पेट्रोल बंद झाले. भारताने १९९२ मध्ये माँट्रियल करार स्वीकारला. २००० च्या नियमांनुसार नव्या उपकरणांतून आर-१२ आणि त्याची भावंडे टप्प्याटप्प्याने हद्दपार झाली. दम्याच्या फवाऱ्यांसारखा अपवाद वगळता २०१० पासून त्यांचा वापर थांबला.

गाड्यांत त्याची जागा घेतली ती आर-१३४ए या वायूने. आज पार्किंगमध्ये उघडला जाणारा डबा बहुधा याच वायूचा असतो. त्यात क्लोरिन नाही, त्यामुळे ओझोनला तो अपाय करत नाही. मात्र उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी आहे. लहान गाडीच्या एसीत साधारण अर्धा किलो गॅस मावतो. तेवढा गॅस हवेत गेला तर होणारी हानी सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी, म्हणजे जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतकी असते. म्हणूनच २०१६ मध्ये किगाली येथे याही वर्गातील वायू कमी करण्याचे ठरले. भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली असून येथील कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए भरताच येत नाही.

डबा हाती घेताना

आता पुन्हा सोसायटीच्या पार्किंगकडे वळू. गाडीतला एसी ही बंद नळ्यांची साखळी आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या जाळीत तो थंड होऊन द्रव बनतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा उकळताना आतली उष्णता शोषून घेतो. या फेऱ्यात गॅस खर्च होत नाही. पेट्रोलसारखा तो जळत नाही, ऑइलसारखा जुना होत नाही. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत अत्यल्प अंश निसटतो हे खरे, पण दर उन्हाळ्यात गॅस कमी होत असेल, तर कोठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. गळती न शोधता डबा रिकामा करणे म्हणजे फुटक्या पिंपात पाणी ओतणे. ते पाणी निदान जमिनीत मुरते, हा गॅस आकाशात साठतो.

घरी गॅस भरण्यात जिवाचा धोकाही आहे. डब्याची नळी कमी दाबाच्या तोंडालाच लावायची असते. चुकून जास्त दाबाच्या तोंडाला लागली तर उलटा दाब येऊन डबा फुटू शकतो. द्रव गॅस उणे २६ अंशांना उकळतो, तो हातावर वा डोळ्यात उडाल्यास मांस गोठते. तळघरातील पार्किंगमध्ये तो जमिनीलगत साचून श्वास कोंडू शकतो आणि जळत्या सिगारेटशी त्याची गाठ पडली तर विषारी वाफा तयार होतात. डब्यावरच्या लहान मीटरवरून आत नेमका किती गॅस आहे हे कळत नाही. गॅस जादा झाला तर गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसर बिघडतो. नळीतून शिरलेली दमट हवा आतील भाग गंजवते. शिवाय डब्यात लिहिलेलाच गॅस आहे, याची खात्री देता येत नाही.

योग्य रीत सोपी आहे, फक्त तिला यंत्र आणि थोडा वेळ लागतो. उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यायचा. नळ्यांत नायट्रोजन भरून किंवा चमकणारा रंग घालून गळती शोधायची आणि ती दुरुस्त करायची. मग व्हॅक्यूम मारून आतली हवा आणि ओल काढायची. शेवटी बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिले असेल तेवढाच गॅस वजन करून भरायचा. अमेरिकेत, जेथे घरी गॅस भरण्याची चाल सर्वाधिक रुळली, तेथेही आर-१२ चे छोटे डबे १९९२ पासून प्रमाणित कारागिरांखेरीज इतरांना विकणे बंद झाले आणि आर-१३४ए च्या छोट्या डब्यांना २०१८ पासून आपोआप बंद होणारी झडप सक्तीची झाली.

मिजली यांना इतिहासाच्या न्यायासनापुढे उभे करताना त्यांच्या दोन शोधांत फरक करायला हवा. शिशाच्या बाबतीत त्यांना माहीत होते. स्वतःचे शरीर त्यांना सांगत होते, बेवेचे कामगार सांगत होते, डॉक्टर सांगत होते. तरीही त्यांनी बाटली नाकाशी धरली. फ्रिऑनच्या बाबतीत मात्र त्यांना माहीत नव्हते आणि माहीत होणे शक्यही नव्हते. वरच्या आकाशात त्या वायूचे काय होते, हे कळायला मेणबत्ती विझवल्यापासून आणखी ४४ वर्षे जायची होती. पहिल्या कृत्याचा दोष त्यांच्या माथी राहणारच, दुसऱ्याबद्दल त्यांना दोषी धरणे न्यायाचे ठरणार नाही.

आपल्यापैकी जो कोणी आज डबा हाती घेतो, त्याची गोष्ट मात्र फ्रिऑनच्या मिजलींसारखी नाही. गॅस कोठे जातो, तो किती वर्षे राहतो आणि काय करतो, हे आता शाळेच्या पुस्तकातही आहे. ठाऊक असूनही गळती तशीच ठेवून गॅस भरणारा माणूस शिशाची बाटली हुंगणाऱ्या मिजलींच्या अधिक जवळचा आहे, मग तो मालक असो की मेकॅनिक.

अर्थात, गारवा हा काही गुन्हा नव्हे. मे महिन्यात दिंडोशीहून अंधेरीला जाताना बंद काचांमागे लहान मूल किंवा वयोवृद्ध माणूस बसले असेल, तर एसी ही चैन राहत नाही. मिजली यांनी ज्या धडपडीने विषारी वायूंच्या जागी निर्धोक वायू आणला, तिच्यामागे हीच माणसे होती. तेव्हा यंदा एसी कोमट वारा फेकू लागला, तर गॅस कितीला भरणार हे विचारण्याआधी, गेल्या वर्षी भरलेला गॅस कोठून गेला, हे मेकॅनिकला जरूर विचारावे. उत्तर शोधायला त्याला कदाचित अर्धा दिवस लागेल आणि बिलही थोडे वाढेल, पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच रांगेत उभे राहण्याची वेळ बहुधा येणार नाही.